टोकन नंबर सत्तावीस

आंधळगावच्या फाट्यावर गाडी बारा मिनिटं थांबते.
डेपोच्या कागदावर पाच.
उरलेली सात हेमराज निनावेच्या शेवयांची,
ती मी कुठल्याच रकान्यात लिहीत नाही.

पाटीवर त्याने रंगवून घेतलंय: त्सुकेमेन.
पहिल्या महिन्यात लोक विचारायचे,
"चुक्याची भाजी असते का बा याच्यात?"
आता कोणी विचारत नाही.
आता प्लायवूडचे टोकन आहेत, खिळ्यांना टांगलेले,
तिरोड्याहून जोडपी येतात मोटरसायकलवर,
राइस मिलची पोरं येतात अंगावर कोंडा घेऊन,
तलाठी येतो
आणि चक्क रांगेत उभा राहतो.

दोन वाडगे मिळतात.
गार वाडग्यात शेवया, विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतलेल्या,
सुतळीहून जाड, करंगळीहून बारीक,
नुकत्या न्हालेल्या बैलाच्या पाठीसारख्या चकाकत्या.
गरम वाडग्यात रस्सा, काळा,
जवस, खसखस, राखेत भाजलेला कांदा
आणि वैनगंगेचे सुकवलेले झिंगे पाट्यावर वाटून.
चमचा क्षणभर उभा राहतो, मग कलंडतो.
उचलायचं, बुडवायचं, ओढायचं.
ज्या आवाजासाठी मायनं पाठीत धपाटे घातले
तो इथे भिंतीवर लिहून मागितलाय:
"फुर्र करून खा. लाजू नका."

अकरा वर्षं जपानात होता हेमराज.
त्यातली चार नुसती भांडी घासण्यात गेली, सांगतो.
सातवीत आम्ही एका बाकावर होतो;
तेव्हा त्याला चहासुद्धा करता येत नव्हता.

दर बुधवारी त्याचा बाप येतो, तानबाजी.
पन्नास वर्षं मागावर कोशाचं सूत,
आता डोळे गेल्यातच जमा.
नव्वद रुपये मोजून देतो,
मुलगा नको म्हणत नाही, बाप कमी देत नाही.
मग एक शेवई उचलतो,
अंगठा आणि तर्जनीत फिरवतो,
कानाजवळ नेऊन हलकेच ओढतो.
मान हलली की जेवतो,
आणि तेव्हाच हेमराज दुसऱ्या टोकनाचं नाव घेतो.

त्या बुधवारी ती तुटली.

तानबाजीनं दोन्ही तुकडे वाडग्याच्या काठावर ठेवले.
"तुटते," म्हणाला. एवढंच.
हेमराजनं स्वतः एक ओढून पाहिली.
मग अख्खं घमेलं उचललं,
मागच्या दारानं गेला,
आणि आम्ही ऐकलं, गोठ्यातल्या गायीनं
पहिला घास फुर्र करून ओढला.

"दोन घंटे लागतीन.
ज्याले थांबाचं हाये त्यानं थांबा."

रांगेतून एकही माणूस हलला नाही.
माझ्या हातात सत्तावीस.
ड्रायव्हर उईके हॉर्न वाजवून राहिला,
गाडीत एकेचाळीस माणसं, एक बोकड,
आणि देव्हाडीला रेल्वे गाठायची असलेली एक बाई
जी मला नावानं शिव्या देत होती.
नाव कसं कळलं तिला, कोण जाणे.

मग त्यानं केटली आणली, भाताच्या पेजेची.
जपानात म्हणे शेवटी असं करतात,
उरल्या रश्शात गरम पाणी घालून पिऊन टाकायचं.
इथे खाणं सुरूच झालं नव्हतं.
तरी त्यानं रस्सा ग्लासांत ओतला, वर पेज,
आणि पैसे घेतले नाहीत.
गाडीतली माणसं उतरली.
ती बाईही उतरली, दोन ग्लास प्यायली,
नाक पुसलं, पुन्हा शिव्या दिल्या,
पण आता हळू.

तानबाजी उभ्यानं प्यायला.
"मीठ बराबर हाये," म्हणाला,
मुलाकडे नाही, ग्लासाकडे पाहून.
हेमराज परातीत पीठ चाळत होता.
पाठमोरा होता, पण चाळणी थांबली,
मग पुन्हा सुरू झाली.

तुमसरला आम्ही अडतीस मिनिटं उशिरा.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: सूत तुटले.
कंट्रोलरनं चष्मा वर केला,
"म्हणजे फॅनबेल्ट काय?"
मी हो म्हटलं.

सत्तावीस अजून खिशात आहे,
तिकीटमशीनच्या बाजूला.
बुधवारी चालतं, म्हणालाय.