हलू नका

सत्तावीस वर्षं वडाळा डेपोत टाइमकीपर होतो.
माझ्या शिट्टीशिवाय बस हलायची नाही.
आज परळला, इस्पितळाच्या तळघरात,
मशीनच्या नळीत मीच आडवा
आणि काचेपलीकडून अल्फिया नावाची पोरगी सांगते,
काका, हलू नका.

घड्याळ काढून घेतलं, अंगठी, पट्टा,
गळ्यातला चांदीचा खंडोबासुद्धा.
आत धातू चालत नाही म्हणे.
देव प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कवळीशेजारी.

हातात रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा.

मग ठोके. आधी लोहाराचे,
मग बंद दारावर कुणी थापा माराव्यात तसे.
मी मिनिटं मोजू लागलो, सवयच ती.
वीस झाली. आता सुटायला हवी, म्हणून
मान जरा उचलली.
"हललात काका. परत पहिल्यापासून."
आवाजात राग नव्हता.

मल्हारी, तुझाही मी टाइमकीपरच झालो होतो.
नवस बोलायचो तो तारीख घालून.
पोराची नोकरी मार्चअखेर,
हिचं दुखणं दिवाळीच्या आत.
ती दिवाळीच्या आतच गेली.
तुझ्या नावापुढे मी लाल शेरा मारून ठेवला,
बारा वर्षं.

दुसऱ्या खेपेला मोजलं नाही.
नाक खाजलं, खाजू दिलं.
फुगा मुठीत धरला नुसता,
घरट्यातून पडलेलं अंडं धरावं तसा.
ज्याला माझं आतलं सगळं दिसतंय
त्याला वरून आणखी काय सांगू?

ठोके कधी थांबले, कळलं नाही.

रिपोर्ट गुरुवारी.
खंडोबा गळ्यात घातला. गार लागला.
घड्याळ सुनेच्या पर्समध्येच राहू दिलं.