मोजणी

पहिल्या रात्री दोनशे बारा.
ड्युगनची गाडी माणूस चालेल तेवढ्याच वेगानं,
मागं हौद्यात मी, मांडीवर वही,
आणि लोर्नाच्या हातात दिवा.
ती उतारावरून झोत फिरवायची,
जोडीजोडीनं ठिणग्या पेटायच्या,
मी रेघा ओढायचे: चार उभ्या, एक आडवी,
कैदी दिवस मोजतो तशा.

टॅलोव्हेलच्या खोऱ्यात सतरा शेतं, सतरा कुंपणं.
सशाच्या हिशेबी एकच.
एकानं बिळं बुजवली की दुसऱ्याच्या टेकडीला
नवी तोंडं फुटतात,
म्हणून पत्र्याच्या सभागृहात आम्ही सगळे
एका नकाशावर वाकलो.
पाणवठ्यावरून नऊ वर्षं अबोला धरलेले
ड्युगन आणि पास्को
एकाच पेन्सिलीनं बिळं दाखवत होते.
सोळा सह्या झाल्या.
सतरावी ऑटिली नोस्केची. ती आलीच नव्हती.

मी चिटणीस, म्हणून मलाच पाठवलं.
तिनं बसायलाही सांगितलं नाही.
म्हणाली, बापाचं काम सुटलं तेव्हा
आम्ही सात भावंडं या टेकडीवर जगलो.
रोज ससा. उकडलेला, नाहीतर तसाच शिळा.
माझे शाळेचे बूट म्हणजे चाळीस कातडी.
मग दार लावून घेतलं.
इतिवृत्तात मी लिहिलं : संमती नाही.

गाजरांचं काम माझ्याकडं होतं.
नांगरानं उथळ चर पाडायचा, त्यात फोडी टाकायच्या.
तीन रात्री साध्या. गोड, ताज्या.
चवथ्या रात्री विषाच्या.
कुत्री बांधून ठेवा, असं घरोघर सांगत फिरले
आणि त्या चवथ्या रात्री
स्वतःच्या मुलांच्या ताटात गाजर वाढताना
हात थांबला. एवढंच.
सकाळी पोती घेऊन उचलायला मीच गेले.

आमचा आकडा उतरला. ऐंशी. मग पंचावन्न.
पण तिन्हीसांजेला ऑटिलीच्या टेकडीवरून
ते पुन्हा खाली यायचे, निवांत,
आम्ही लावलेल्या रोपांचे शेंडे खुडत,
जणू त्यांनाच आमंत्रण होतं.

फेब्रुवारीत, जमीन वाळून खडखडीत झाल्यावर,
सभेच्या मधेच ती आली.
नकाशा स्वतःकडं फिरवून घेतला, चष्मा पुसला.
"तुम्ही एक्केचाळीस दाखवलीत. त्रेसष्ट आहेत.
ओंडक्याखालची सात तुम्हाला दिसणार नाहीत."
आणि एकेक ठिपका देत गेली,
डोळे जवळजवळ मिटून,
गावातली घरं सांगावीत तशी.
का बदललीस, असं कुणी विचारलं नाही.
पास्कोनं तिच्यासमोर चहा ठेवला.
तिनं तो प्यायला नाही.

कुत्र्यांनी सगळे आत पिटाळले.
मग ट्रॅक्टर. लोखंडी दात हातभर खोल,
उभे, मग आडवे,
आणि टेकडी आतून कोसळत गेली,
एखादी वस्ती बसावी तशी, फारसा आवाज न होता.
ऑटिली घडीच्या खुर्चीवर, धुळीत,
टोपी हनुवटीखाली बांधलेली.
तिचे ओठ हलत होते.
मला वाटलं, प्रार्थना.
जवळ गेले तर,
"अठ्ठावन्न. एकोणसाठ."

बाकीची चार तिनं चालत जाऊन दाखवली.

जूनची मोजणी एकोणीस.
थंडीनं बोटं वहीला चिकटत होती.
ऑटिलीच्या कुंपणापाशी लोर्नानं दिवा खाली धरला :
शीओकचं रोप, वीतभर, शेंडा शाबूत.
आम्ही दोघी काही बोललो नाही,
ड्युगननं हॉर्न वाजवला.
वळताना वरती, ओंडक्याच्या बाजूला,
काहीतरी चमकलं. एक जोडी,
किंवा दवानं भिजलेली दोन पानं.
रेघ ओढावी की नाही
हे मी अजून ठरवलेलं नाही.
वहीत तिथं एक ठिपका आहे.