अळवाचं पान

मंडईतून देठासकट घेतलेलं अळू
ओल्या फडक्यात गुंडाळून पीएमटीत चढतो.
पिशवीत ड्रॉपर, भिंग,
संस्थेची दोनशे पत्रकं,
प्रत्येकाच्या तळाशी हिरव्या शाईत
हाताने लिहिलेली एक ओळ.

दत्तवाडीच्या समाजमंदिरात
खुर्च्या चाळीस, माणसं सतरा.
‘नॅनो’ म्हणताच मागून कुणीतरी,
“ती गाडी बंद पडली ना?”
हसू द्यायचं.
हसलेला माणूस जरा पुढे सरकून बसतो.

मग पानावर थेंब सोडतो.
थेंब धावतो पाऱ्यासारखा,
पहिल्या रांगेतल्या पोराच्या मांडीवर फुटतो.
अळवावरचं पाणी म्हणत आलो आपण,
पाण्याकडेच बघत आलो.
पानाच्या कातडीवर मेणाचे कण आहेत,
केसाच्या रुंदीत शेकड्यांनी ओळीत बसतील असे,
ते पाण्याला टेकूच देत नाहीत.

तसलेच कण रंगात, क्रीममध्ये.
वास न येणाऱ्या मोज्यांत चांदीचे.
मोजे धुतले की चांदी कुठे जाते?
“मुठेत!” पोरं एका सुरात.
खिडकी उघडीच होती, पुरावा आत येत होता.

मंगल ओव्हाळ उभ्या राहिल्या तेव्हा
मी भिंग पुसत होतो.
भोसरीला सात वर्षं, पावडरची पोती फोडतात.
“पांढरा धूर उठतो. आत गेलेला बाहेर येतो का?
साहेब म्हणतात, बारीक आहे, बाधत नाही.
बारीक आहे म्हणूनच विचारते.”

याच ओळीवर तीन बैठका झाल्या होत्या.
देणगीदार म्हणाले, लोक बिचकतील, काढा.
छापताना ती गळाली.
दिघेबाई काहीच बोलल्या नाहीत,
रविवारभर बसून दोनशे वेळा लिहिली:
‘पुष्कळ गोष्टी अजून आम्हालाही माहीत नाहीत.’

मी तीच वाचून दाखवली.
घसा कोरडा.
मग म्हणालो, तोवर ओढणी पुरणार नाही,
खरा मास्क मागा.
“मागितला की.”
लेखी मागा.
त्यांनी पत्रक उलटं केलं, कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं,
“लिहा. मी सांगते.”

निघताना त्यांनी अळूही उचललं.
“वड्या होतील. वाया कशाला?”

परतीच्या बसमध्ये पत्रकं मोजली,
एकशे ब्याऐंशी.
सतरा माणसं, अठरा पत्रकं.
एक अर्ज होऊन भोसरीला निघालंय.