हात पाहिजेत

पाटीवर खडूने लिहिलं होतं : हात पाहिजेत. चाळीस.
पॅडिहॅमच्या गिरणीचं दार, जानेवारी, पहाटेचे साडेपाच.
मी केझाया, अकरा वर्षांची,
माझे दोन शालीत गुंडाळून घेऊन गेले.

घरी बाबांचा हातमाग.
जेबेझ हॉलस्टेड सोमवार पाळायचे,
म्हणजे त्या दिवशी मागाला शिवायचे नाहीत.
कुंड्यांतल्या ऑरिक्युलांची पानं पुसायची,
शेजाऱ्याशी देवावरून भांडायचं,
मंगळवारी जेमतेम दोन वीत कापड,
आणि शुक्रवारी रात्रभर दिवा जाळून थान पुरं.
वेळ तेव्हा घरातच असायची, मांजरासारखी.

गिरणीत ती भिंतीवर होती.
तिला दोन काटे आणि एक मालक.
दोन मिनिटं उशीर झाला की पाव दिवस कापत.
ते घड्याळ सकाळी पुढे धावे,
संध्याकाळी दमून मागे पडे.

चारशे मागांच्या गडगडाटात
आवाज कुणाच्याच कामाचा नव्हता.
डोर्कसने मला ओठ वाचायला शिकवलं :
धागा तुटलाय. मुकादम येतोय.
मला तिसरा महिना लागलाय, हेही
मी सहा मागांपलीकडून वाचलं.
घरी येऊनही तशीच बोलायचे, नुसत्या ओठांनी.
बाबा म्हणायचे, "पोरी, मी अजून बहिरा नाही झालो."

थानाला सोळा शिलिंग मिळायचे. मग नऊ. मग पाच.
बाबा जास्त विणू लागले.
सगळेच जास्त विणू लागले, म्हणून भाव आणखी पडला.
मँचेस्टरहून एक गृहस्थ आले समजावायला :
श्रम हाही माल, सलगमासारखा;
बाजारात फार आला की उतरतो.
बाबा उठले. "सलगम पुढच्या आठवड्यात विकता येतं, साहेब.
माझा आजचा दिवस कुठल्या कणगीत ठेवू?"
लोक हसले. गृहस्थांनी खिशातलं घड्याळ पाहिलं.

आमचं पोट हातावरच होतं, आधीही.
पण आधी हात मनगटापाशी संपत नव्हते.

मागाची लाकडं दोन हिवाळे पुरली.
धोटा मात्र त्यांनी उशाखाली ठेवला.

शेवटी त्यांचा आवाज गेला.
आई कान लावून बसली, पाद्री वाकला,
कुणालाच काही लागेना.
मी पायथ्याशी उभी होते, तिथूनच वाचलं :
आज सोमवार का गं?

मी ओठांनीच सांगितलं, हो.
बुधवार होता.