दुसरा प्रवेश

बाबांच्या वहीत लाल पेन्सिलीच्या रेघा.
वडसा, मंडईची रात्र: दुसरा प्रवेश गाळला.
सिंदेवाही: दुसरा ठेवला, वकिलाचं भाषण अर्धं.
नवरगाव, थंडी फार: तिसरा अंक सरळ मरणावर.
नाटक एकच, लिहिणाराही एकच,
पण तीन गावांनी तीन नाटकं पाहिली
आणि तिन्ही गावं पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
डोळे पुसत परतली.

"गाव पायून कापा लागते," ते म्हणायचे,
विंगेत, स्टुलावर, बॅटरी वहीवर धरून.
"शब्द सारेच खरे. पन सारे एका रातीत नाई मावत."

हे मला नागपुरात कळलं, सात वर्षांनी,
उणे ऐंशीच्या फ्रीजसमोर, हातमोजे घालून.
पेशीतही संहिता लांबच असते,
मधे मधे न बोलणारी पानं.
ती कापायची, उरलेली जोडायची,
मग निरोप बाहेर.
आणि कधी कधी बोलणारं पानही कापलं जातं,
चुकून नव्हे,
रात्र पाहून.

दोन वर्षांपूर्वी सुगंधाआत्यानं किडनी दिली.
एका ताटात अंबाडीची भाजी खाल्लेली सख्खी बहीण,
पण रक्तातले पहारेकरी ताट ओळखत नाहीत.
म्हणून सकाळी आठ, रात्री आठ, कॅप्सूल.
ती कुणाला मारत नाही.
निरोप्याला फक्त आतल्या खोलीच्या दाराशी थोपवते.
तिसरी घंटा होत नाही.
पडदा तसाच.

बाबा आता मंडईला जात नाहीत.
गर्दी नको, धूळ नको, धानाच्या कुटाराची तर नकोच.
मास्क लावून पडवीत बसतात
आणि दीडच्या सुमाराला, दूर बांध्यांत ऑर्गन सुरू झाला
की मास्कच्या आत ओठ हलतात.
आईला वाटतं, जप.

नोव्हेंबरात अठरा नमुने आले.
नावं नाहीत, नुसते आकडे.
आम्ही शमवणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या,
ज्या स्वतः लढत नाहीत,
लढणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात.
जेलवर प्रत्येकाच्या दोन पट्ट्या उमटल्या,
लांब आणि आखूड.
आखूड म्हणजे दुसरा तुकडा गाळलेला.
अकरा नंबरात आखूडच जास्त उजळ.
का, ते माहीत नाही.
एका नमुन्यावर गोष्ट रचू नकोस, मॅडम म्हणाल्या.
मी रचली नाही.
फोटो तेवढा गावी आणला.

बाबांनी तो उजेडाकडे धरला.
सांगितलं ते सगळं ऐकलं.
मागे गहाण्यांचं मळणीयंत्र चालू होतं,
ते थांबेपर्यंत काही बोलले नाहीत.
मग:
"पन कापते कोन? त्याले आतून गाव तं दिसत नसन."

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात
मी हेच विचारलंय,
अकरा पानं खर्चून.

आत्या वांगी घेऊन आली होती.
फोटोकडे पाहिलं न पाहिलं, म्हणाली,
"दुसऱ्या प्रवेशात माहं काम होतं, दादा.
लहान बहिनीचं.
वडस्याले तुवाच कापलं."

बाबांनी वही काढली.
लाल रेघेखाली अक्षरं शाबूत होती,
रेघ कुणी खोडली नाही, त्यांनीही नाही.
फक्त आवाज विंगेतला झाला,
पुढच्याला पोचेल, मागच्याला नाही, एवढा.
आत्या पहिली ओळ बोलली.
दुसरीला अडली.

आठ वाजले, मोबाइल वाजला.
त्यांनी मास्क खाली केला, कॅप्सूल गिळली,
पाण्याचा पेला तसाच हातात,
आणि तिला पुढचा शब्द दिला.