बाटली नंबर चौदा

टिटॅनियमचं द्रावण सव्वादहाला ढवळून ठेवलं.
पाणी थेंबाथेंबानं, अल्कोहोलमधून.
घाई केली की ते दुधासारखं नासतं.
मग दर दहा मिनिटांनी बाटली तिरकी करायची,
आतली पातळी बाटलीबरोबर कलते की आडवीच राहते, बघायचं,
वहीत लिहायचं:
वाहतं. वाहतं. वाहतं.

रिओमीटर आमच्याकडे नाही.
मनगट आहे, आणि भिंतीवरचं घड्याळ,
जे चार मिनिटं पुढे आहे.
हेही वहीत लिहिलंय.

दुपारी दादू चौगुले काचसामान धुवायला आले.
नोकरीआधी पंधरा हंगाम वडणग्याच्या गुऱ्हाळावर,
काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी वळणारा माणूस.
बाटली उजेडाकडे धरली, टिचकी मारली, कान लावला.
“अर्ध्या तासात धरतंय बघा.”
धरलं नाही. दोन तास धरलं नाही.
ते हसले. “गुळाचं इचारा मॅडम.
ह्यात काय हाय ह्येच मला ठावं न्हाई,
मग त्येनं माझं का ऐकावं?”

चार बावन्नला पातळी माझ्या हाताबरोबर कलली.
विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडत होते.
वहीत: थांबलं.

इथवर सोपं.
पुढे वाळवण, कुटण, साडेचारशे अंशांची भट्टी,
आणि कुठल्या मिनिटाला किती टक्के स्फटिक, त्याचा हिशेब.
लॉगचा पुन्हा लॉग घेतला
की बहुतेक गोष्टी एका रेषेत येतात.
सातवा बिंदू आला नाही.
त्या रात्री वीज गेली होती, भट्टी मध्येच निवली.
मगदूम सर म्हणाले, काढून टाक.
मी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला.

आलेखाचा पहिला तुकडा मात्र नेहमी सपाट.
यंत्राला काही दिसत नाही,
आत अणू एकमेकांना चाचपत असतात, जुळतात, सुटतात.
पुस्तकात याला प्रेरणकाळ म्हणतात.
परीक्षेत दोन मार्कांना येतो.

काल कपाट आवरताना मागच्या रांगेत
रुक्साना मुल्लाणीचं अक्षर सापडलं:
नमुना १४. धरत नाही. उद्या बघू.
तो उद्या तीन वर्षांपूर्वीचा.
फेलोशिप थकली होती, गडहिंग्लजला शाळा मिळाली.
दारातून म्हणाली होती, “मी येतो गं.”
मी सावंतवाडीची, पहिलं वर्षभर मला हसू यायचं
इथल्या बायकांच्या ‘येतो’चं.

बाटली तिरकी केली.
काहीच हललं नाही.
जेल काचेपासून सुटून आत आकसलेलं,
स्वतःतलं पाणी बाहेर पिळून त्यातच बसलेलं,
पिवळसर, भेगाळलेलं.
कुटलं. क्ष-किरणांखाली ठेवलं.
पंचवीस पूर्णांक तीनवर
एक ठेंगणं, पसरट शिखर.
कण चारेक नॅनोमीटरचे. अॅनाटेज.
भट्टी नाही, काही नाही,
कपाटात येतील तेवढेच तीन उन्हाळे.

तिला आलेखाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं: चौदा धरलं.
दोन निळ्या खुणा आल्या.
बहुधा तास चालू असेल.

आता तिच्याच तक्त्यात एक रकाना रिकामा आहे,
जेल होण्याची वेळ, मिनिटांत.
पेन उघडून बसलेय.
कुणी बाटली तिरकी करत नव्हतं
तेव्हा कधीतरी.