पक्का रंग

तळ्याचं पाणी उपसून झालं
आणि पोकलेन तळाशी उतरलं.
मी काठावर, वीस डबे, एक मार्कर.
विसाव्याचं झाकण येतानाच कुठेतरी पडलेलं.

गाळ निघाला काळा, सायीसारखा मऊ.
डंपरवाला इरण्णा म्हणाला,
"लोणी आहे बघा मॅडम, ह्यात काहीही उगवेल."
उगवेलही.

नायना एकवीस वर्षं डाइंगमध्ये होते.
सोमवारी लाल, मंगळवारी मोरपंखी;
त्यांच्या नखांवरून आम्ही वार ओळखायचो.
आई चिंचेच्या कोळानं त्यांचे हात घासून द्यायची,
तरी भाताचा पहिला घास गुलाबी व्हायचा.
चादरीच्या घडीत एक चिठ्ठी असे:
रंग पक्का. जाणार नाही.

गेला नाही.
धुताना जो गेला असं वाटलं
तो पूर्व भागातल्या गटारींनी वाट काढत
इथे येऊन निजला,
थरावर थर, घडी घातल्यासारखा.
पाण्याखाली होता तोवर
मुठीत धरलेलं त्यानं सोडलं नव्हतं.
ऊन लागलं, हवा लागली, की मूठ सैल होते.
हे पुस्तकात वाचलं होतं. आता रात्रीत चाळीस डंपर
अक्कलकोट रोडपलीकडच्या खाणीत रिकामे होतात.
भराव म्हणून.

महिन्यानं रिपोर्ट आला.
शिसं, क्रोमियम, कॅडमियम,
प्रत्येकापुढे एक तारका.
साहेबांनी चष्मा पुसला.
"सगळे नमुने मधोमधचेच?"
एकोणीसच्या एकोणीस.
"मग एखादा काठाचा घे की."

काठावर अंजनम्मानं अंबाडी लावली होती.
भरावाला भेगा, भेगांत हिरवे कोंब,
देठ लालभडक.
तिनं एक जुडी खुडून माझ्या हातात कोंबली.
"तिनु बिड्डा, पैसे नको."
कॅडमियमला तेलुगूत काय म्हणतात मला येईना.
मराठीत तरी काय म्हणतात?
म्हटलं, "अम्मा, ह्या मातीत कारखान्याचा रंग आहे.
आमच्या नायनांच्या हातचा."
ती दात नसलेलं हसली.
"मग पक्का असेल."

जुडी स्कूटरच्या हुकाला. सिग्नलला एक बाई
विचारते, कितीला घेतली?
मी काहीतरी आकडा सांगितला.

लॅबमध्ये पानं चिरली,
बिनझाकणाच्या डब्यात दाबून भरली,
वर रुमाल बांधला, लेबल लावलं:
नमुना वीस. काठ.